ऐकणे आणि लिहून घेणे



इतिहासाचा पुरावा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख आणि दफ्तरांचे रुमाल उभे राहतात. ज्यांनी दफ्तर राखले नाही त्यांना इतिहास नाही, असा समज त्यामागे दडलेला असतो. कॅनडाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ह्या समजाला धक्का बसला. पुढे तेथेच एका तेलवाहिनीच्या वादात, लोकांचे ऐकणे म्हणजे काय, हा प्रश्न निकालास लागला. ह्या दोन घटनांमधील धागा मला येथे उलगडावयाचा आहे.

त्या प्रांतातील बहुतांश भूमी मूळ रहिवाशांनी तहाने कधीच सोडून दिलेली नाही. गिटक्सन व वेटसुवेटेन ह्या समाजांनी आपल्या भूमीसाठी दावा लावला. ३७४ दिवस सुनावणी चालली. वडीलधाऱ्यांनी कुळकथा आणि गीते साक्षीत सांगितली. १९९१ साली प्रांतिक न्यायालयाने त्यांना फारसे वजन दिले नाही. ११ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र मौखिक परंपरेला लेखी कागदाच्या बरोबरीने स्थान देणे आवश्यक मानले. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने हायडा समाजाच्या खटल्यात आणखी एक पाऊल टाकले. हक्क सिद्ध होण्यापूर्वीही सरकारने संबंधित समाजाशी विचारविनिमय केलाच पाहिजे, असे ठरले.

ह्या पार्श्वभूमीवर एन्ब्रिज कंपनीची ‘नॉर्दर्न गेटवे’ योजना पुढे आली. अल्बर्टातील ब्रूडरहाइमपासून किटिमॅट बंदरापर्यंत सुमारे १,१७७ किलोमीटरची वाहिनी टाकून रोज ५,२५,००० बॅरल तेल न्यावयाचे होते. तेथून तेलवाहू जहाजे अरुंद खाड्यांतून समुद्रात जाणार होती. सॅमन मासळीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या किनाऱ्यावरील समाजांना अलास्कातील १९८९ ची ‘एक्झॉन वाल्डेझ’ दुर्घटना ठाऊक होती. त्यातच जुलै २०१० मध्ये ह्याच कंपनीची वाहिनी अमेरिकेतील मिशिगन राज्यात फुटली, आणि सतरा तासांहून अधिक काळ कंपनीला गळतीचा पत्ता लागला नाही.

विरोध एकमुखी नव्हता. काही आदिवासी समाज योजनेत भागीदार झाले, आणि रोजगाराची त्यांची अपेक्षाही खोटी म्हणता येणार नाही. तथापि १२ एप्रिल २०१४ रोजी खुद्द किटिमॅट शहरातील मतदानात सुमारे ५८ टक्के मतदारांनी नकार दिला. दोनच महिन्यांनी केंद्र सरकारने २०९ अटींवर योजनेस संमती दिली. आदिवासी समाज न्यायालयात गेले, आणि जून २०१६ मध्ये ती संमती रद्द झाली. सरकारी प्रतिनिधी आले, त्यांनी म्हणणे टिपून घेतले. परंतु त्यावर खरीखुरी चर्चा झाली नाही, हे त्या निकालाचे सार होय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने योजना फेटाळली.

हा निर्भेळ विजय होता असे मी म्हणणार नाही. त्याच दिवशी दक्षिणेकडील ‘ट्रान्स माउंटन’ वाहिनीच्या विस्तारास संमती मिळाली, आणि २०२४ साली ती विस्तारित वाहिनी सुरू झाली. तरीही ह्या प्रकरणाचे मोल कमी होत नाही. १९९७ च्या निकालाने मुखातील शब्दाला पुराव्याची प्रतिष्ठा दिली. २०१६ च्या निकालाने त्या शब्दाला उत्तर मिळण्याचा हक्क दिला. माणसाचे म्हणणे नोंदवहीत उतरले म्हणजे ते ऐकले गेले असे नव्हे. ऐकणाऱ्याने उत्तरासाठी स्वतःस बांधून घेतले, तरच त्यास ऐकणे म्हणावे. विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी इतिहास लिहील, कोणी शासनात बसेल. दोघांनाही हा भेद सारखाच उपयोगी पडेल.