आगटी, भट्टी आणि भिऱ्याची वीज

पुण्याला थंडी म्हटलं की जानेवारी आठवतो. १७ जानेवारी १९३५ ला तिथं पारा १.७ अंशांवर उतरला होता, आणि तो आकडा वर्तमानपत्रं दर हिवाळ्यात पुन्हा छापतात. पुण्याच्या मुळशी तालुक्यात पश्चिमेकडे सरकलं की हिशेब उलटा होतो. आमचा खरा गारठा आषाढ-श्रावणातला. ताम्हिणीच्या पट्ट्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. थर्मामीटर बघाल तर वीस-बावीस अंश दाखवील आणि तुम्ही म्हणाल, ही कसली थंडी! पण आवणीला दिवसभर चिखलात वाकून, इरल्याखाली पाठ तेवढी कोरडी ठेवून बाई घरी येते, तेव्हा तिचं लुगडं वाळवायला ऊन नसतं. आठ-आठ दिवस नसतं. हिवाळ्याच्या थंडीला घोंगडी पुरते. या गारठ्याला विस्तवच लागतो.

मी मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे तालुक्यातली पुष्कळ घरं आतून पाहिली. पाहुणीला पहिल्यांदा चुलीपाशीच बसवतात.

जुनं घर कारवीच्या कुडाचं, शेणमातीनं लिंपलेलं, वर गवताचं छप्पर. दार ठेंगणं, खिडकी नाहीच. निम्म्यात माणसं, निम्म्यात गुरं, मध्ये गव्हाण. आरोग्य खात्याची माणसं गोठा बाहेर काढा म्हणून मागे लागत, आणि माश्या-गोचिडांचा विचार केला तर त्यांचं काही चूक नव्हतं. पण बैलाच्या अंगातून रात्रभर जी उष्णता निघते ती विजेच्या एखाद्या लहान हीटरच्या जवळपास भरते. अशी चार-पाच जनावरं बंद घरात उभी असतील तर पहाटेपर्यंत घर निवत नाही. हिमाचलात लाकूड-दगडाच्या उंच घरांत गुरं खालच्या मजल्यावर बांधतात, तेही याचसाठी. आम्ही मजला चढवला नाही, गव्हाणीच्या अलीकडे भाताचा पेंढा पसरला, त्यावर घोंगडी टाकली आणि झोपलो.

आगटी मधल्या घरात. जमिनीत हातभर रुंदीचा खळगा, कडेनं दगड. चुलीचं जळण काटक्या-फाट्यांचं, आगटीला मात्र बुंधा लागे. ऐनाचा किंवा अंजनीचा जाड ओंडका एका टोकानं आत सरकवायचा, जळेल तसा पुढे ढकलायचा. ज्वाळ नको, धगधग हवी. रात्री निजताना आजी निखारा राखेत पुरायची आणि पहाटे राख उकरून फुंकर घालायची. निखारा विझला असेल तर आम्हा पोरांपैकी कुणाला तरी शेजारी पिटाळायची, "जा गं, रखमाच्या हितनं इस्तू घिऊन ये." काडेपेटी घरात असायची, पण ती जपून वापरायची चीज होती आणि दमटलेली असली तर पेटायचीही नाही.

आता या एका विस्तवाकडून किती कामं करून घेत ते बघा. आगटीवर बांबूचा माळा. माळ्यावर पुढच्या वर्षीचं नाचणी-वरीचं बियाणं, मक्याची कणसं, चार सुके बोंबील. माळ्याखाली वलणीवर ओली लुगडी, पोरांचे सदरे. भिंतीशी उभी केलेली इरली आणि ओली घोंगडी. धुराला धुराडं नव्हतं. तो माळ्यातून वर जाई आणि छपराच्या गवतातून झिरपत बाहेर पडे. वाटेत बियाण्याची कीड मारी, गवत आतून सुकं ठेवी, वाशांवर काजळीचा थर चढवी. त्या थरामुळे लाकडाला भुंगा लागत नसे. म्हणजे घर गरम करणं असं वेगळं काम आमच्याकडे कधी नव्हतंच. स्वयंपाक, वाळवण, बियाणं, छप्पर या सगळ्यांसाठी जाळ होता आणि ऊब त्याच्याबरोबर फुकट मिळत होती.

अपवाद एकच, बाळंतीण. तिच्यासाठी खास शेक. दोरीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणीची सालं. धुरी बाळालाही द्यायची. खोली अंधारी, दार लावलेलं. सव्वा महिना हे चाले. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी तो शेक घेतला. पाठीला फार बरं वाटतं हे खरं, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नाही हेही खरं. आज कुणी सुनेला असा बंद खोलीत धूर देऊ म्हणेल तर मी नको म्हणेन.

आता धरणाकडे येते, कारण मुळशीतल्या कुठल्याही गोष्टीचा इतिहास तिथं अडतो. नीला आणि मुळा यांच्या संगमावर टाटा कंपनीनं धरण घ्यायचं ठरवलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव त्यांच्याबरोबर होते. जमिनीच्या कागदांवर पुष्कळ ठिकाणी पुण्याच्या सावकारांची नावं, त्यामुळे मोबदल्याचा पैसा कुणाच्या हाती गेला असेल हे वेगळं सांगायला नको. तीन वर्षांत लढा मोडला. खोऱ्यातली भातखाचरं पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

पूर्वेकडे भीमेला मिळायला निघालेलं पाणी घाटाच्या पोटातून पश्चिमेला वळवायचं, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात पाडायचं आणि त्याच्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, अशी ती योजना. पाणी पुढे कुंडलिकेत जातं. आज कोलाडला लोक राफ्टिंगला जातात ते भिऱ्यानं सोडलेल्या याच पाण्यावर. आमच्या वाड्यांतले जे गेले ते गेले. जे राहिले ते डोंगराच्या उतारावर सरकले, जिथं वारा आणि पाऊस दोन्ही जास्त. कित्येक घरांखालची जमीन कंपनीच्या नावावर राहिली. अशा कित्येक वाड्यांवर विजेचा खांब यायला स्वातंत्र्यानंतरही दशकं जावी लागली. तोपर्यंत मुंबईच्या दिव्यांचं पाणी अडवून बसलेल्या गावात आजी राखेत निखारा पुरत होती.

भातखाचर गेल्यावर हाताशी राहिलं रान. त्या रानालाही पुण्यात गिऱ्हाईक होतं. पेठांतल्या वाड्यांत लाकूड जाळलं तर माडीवर धूर कोंडतो. कोळशाला धूर कमी, वजनाच्या मानानं आच जास्त, पोत्यात भरून ट्रकवर चढवायला सोपा. कसब्यातल्या तांबट आळीत ठोकून घडवलेला तांब्याचा बंब आणि ओतीव लोखंडाची शेगडी यांच्या पोटात मुळशी, मावळ आणि वेल्ह्याचं जंगल गेलं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा मोटारींना मागं कोळशाच्या गॅसची टाकी बसवत, म्हणजे ऊब सोडून वाहतूकही कोळशावर आली.

माझे एक चुलते भट्टीवर राखणीला असत, त्यामुळे भट्टी जवळून पाहिली आहे. हातभर लांबीचे ओंडके मधल्या खुंटाभोवती उभे रचायचे, वर ओला पाला, त्यावर मातीचा लेप. खुंट उपसून त्या भोकातून निखारे आत सोडायचे आणि तोंड बुजवायचं. मग बुडाशी ठेवलेल्या छिद्रांवर लक्ष. आधी पांढरा दाट धूर येतो, तो लाकडातल्या पाण्याचा. चार-सहा दिवसांनी तो विरळ निळसर झाला की सगळी छिद्रं लिंपायची आणि थंड होऊ द्यायची. मधे कुठं माती तडकली आणि वारा शिरला तर आत राख होते, म्हणून रात्रीही मातीचं घमेलं घेऊन जागायचं. पाच-सहा किलो लाकडाचा जेमतेम किलोभर कोळसा उतरतो. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता रानातच उडून जाते आणि शहराला बिनधुराची उरते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं ठेकेदाराची उचल घेऊन पोराबाळांसकट भट्टीवर जात आणि पाऊस तोंडावर आला की परतत. जानेवारीत माझ्या वर्गातली त्यांची बाकं रिकामी असत.

शेजारच्या वेल्ह्याबद्दल माधव गाडगीळ यांनी लिहिलं आहे. पानशेतच्या धरणासाठी रस्ता झाला, त्याच रस्त्यानं कोळशाचे व्यापारी आले आणि लोकांनी मालकीची रानं कवडीमोलानं विकली. आमच्याकडेही रस्ता पोचला तिथं हेच झालं. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आला, १९७५ चा खासगी वनांचा कायदा आला, पण तोवर रस्त्याकडेचे डोंगर बोडके झाले होते. जुनी मोठी झाडं बघायची तर देवराईत जावं लागे.

पुण्याचा कोळसा पुढे सुटला तो आधी रॉकेलमुळे, मग गॅसमुळे. मधे भुशाची शेगडी होती, तिच्याविषयी कुणी लिहीत नाही. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून भवतीनं लाकडाचा भुसा ठासायचा, बाटली हळूच उपसायची, खालच्या भोकातून पेटवायचं. तासन् तास मंद जळायची, अख्ख्या घराचं अंघोळीचं पाणी तापायचं. भवानी पेठेतल्या लाकूडबाजारामुळे भुसा मुबलक. डी. एड.ला पुण्यात मावशीकडे राहिले तेव्हा भुसा ठासणं हे माझं काम होतं. कमी ठासला तर ढासळून विझायची, जास्त ठासला तर धुमसायची.

१९८० च्या दशकात सरकारनं गावोगाव निर्धूर चुली बसवल्या. सिमेंटचं धुराडं, दोन वैल, पाच मिनिटांचं भाषण. आमच्या शाळेतही बैठक झाली आणि मी बायकांना फायदे सांगितले. वर्षभरात निम्म्या चुलींची धुराडी उपटलेली होती. बायका आळशी नव्हत्या. धूर बाहेर गेला तर माळ्यावरच्या बियाण्याला किडा लागला, कपडे वाळेनात, छप्पर गळायला लागलं. चूल बनवणाऱ्यांनी ती स्वयंपाकापुरतीच मोजली होती. हे सांगताना धुराचं कौतुक करायचं नाही मला. माझी आई पन्नाशीतच धापा टाकायची आणि तिनं आयुष्यात विडी ओढली नव्हती. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या दम्यासारख्या श्वासरोगावर लेख लिहिला. त्यात चुलीचा धूर हे जगभरातलं मोठं कारण म्हणून मांडलं आहे. आईच्या छातीचं कारण मला तिथं सापडलं.

आज वाडीत स्लॅबची घरं आहेत, गॅस आहे, बाथरूममध्ये गीझर आहे. सिलिंडर संपला की मागच्या दाराशी चूल पेटतेच. स्लॅब पावसात भिजतो आणि आठवडाभर गार राहतो, गोठा लांब गेलाय, मधल्या घरात आगटी करता येत नाही कारण फरशी आहे. श्रावणात लाइट गेली की सगळे पांघरूण घेऊन बसतात. धूर गेला हे चांगलं झालं. पण घर बांधताना गारठ्याचा विचार कुणी केला नाही, आणि घरकुलाचे नकाशे काढणाऱ्यांनी तर नाहीच नाही. सोलापूरला आणि ताम्हिणीला एकच नकाशा कसा चालेल?

धरणाकाठच्या रिसॉर्टांत आता शनिवारी रात्री शेकोटी असते, लाकडाच्या पाटीचे वेगळे पैसे. हिवाळ्यात तुम्ही तिथं मुक्कामाला आलात तर पाटी आणणाऱ्या पोराला एवढं विचारा की लाकूड कसलं. सुबाभूळ किंवा निलगिरी म्हणाला तर खुशाल शेका. ऐन किंवा अंजनी म्हणाला तर परत पाठवा.