गारदी, गंगाधरपंत आणि उदगीरचे वाचक

नांदेड-लातूरकडे पुस्तकांवर गप्पा निघाल्या की दहा मिनिटांत त्या ऐतिहासिक कादंबरीवर येतात. ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘स्वामी’, ‘पानिपत’. घरात चार पुस्तकं असतील तर त्यातलं एक यांपैकी असतं, मग घर कोणाचंही असो. विज्ञानकथा वाचणारे थोडे, पण कडवे. त्यांना नारळीकरांखेरीज कोणाचं नाव काढलेलं खपत नाही. आणि तिसरी जमात म्हाताऱ्यांची. यांनी लहानपणी उर्दूत ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ऐकलं, पुढे इब्ने सफीचे इमरान आणि फरीदी चोरून वाचले. यात नमाजी आहेत तसे जानवंवालेही आहेत, कारण निजामाच्या राज्यात शाळा उर्दू होती आणि इब्ने सफीला जात विचारायची पद्धत नव्हती.

या तिन्ही जमाती एकमेकांची पुस्तकं हलकी समजतात. ऐतिहासिक कादंबरीवाल्याला वाटतं आपण ‘खरं’ वाचतो. विज्ञानकथावाल्याला वाटतं आपण बुद्धीचं वाचतो. दास्तानवाला दोघांकडे बघून हसतो. माझं म्हणणं एवढंच, की या तिघांना एका बाकावर बसवणारी एक गोष्ट मराठीत आहे, तिचा धागा आपल्या उदगीरपर्यंत येतो, आणि उदगीरकरांनाच त्याचं फारसं सोयरसुतक नाही.

ती गोष्ट म्हणजे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर भलत्याच जगात जातात. तिथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. कारण शोधत ते ग्रंथालयात बसतात, तेव्हा कळतं की विश्वासरावांना लागायची ती गोळी चाटून गेली. बस्स, एवढाच फरक. त्या एका गोळीने पुढचा सगळा हिंदुस्थान बदललेला. विज्ञानकथा म्हणून ती मोठीच आहे, पण मराठी वाचकाच्या मनातली शंभर पिढ्यांची नाही तरी दहा पिढ्यांची हळहळ तिने बरोबर हेरली. ‘पानिपत झालं’ हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. नारळीकरांनी तो पुसून दाखवला.

आता उदगीरकडे येऊ. 3 फेब्रुवारी 1760 ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरजवळ कोंडून हरवलं. औसा आणि उदगीर या दोन किल्ल्यांच्या मधल्या मुलखात ही मोहीम झाली. तहात साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अहमदनगर, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठाणी मराठ्यांकडे आली. तरुण विश्वासराव इथे होते. आणि इथेच भाऊंच्या फौजेत एक नवा सरदार होता, जो काही महिन्यांपूर्वीपर्यंत समोरच्या निजामअलीच्याच नोकरीत होता: इब्राहिमखान गारदी. फ्रेंच पद्धतीची कवायती पायदळ पलटण आणि तोफा ही त्याची कमाई. उदगीरच्या विजयाने भाऊंचं नाव झालं. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली तेव्हा परतूरच्या मुक्कामात उत्तरेच्या मोहिमेसाठी त्यांचं नाव पुढे आलं, आणि मार्चमध्ये फौज निघाली. म्हणजे पानिपतचा रस्ता आपल्या लातूर जिल्ह्यातून निघतो.

मग माझा प्रश्न असा असतो, की विश्वासरावाच्या गोळीचं ‘जर-तर’ सगळ्यांना सुचतं, इब्राहिमखानाचं का नाही? तो निजामअलीकडेच राहिला असता तर? उदगीरला त्याच्या तोफा उलट्या तोंडाने बसल्या असत्या. कदाचित भाऊ जिंकले असते, कदाचित नसतेही. पण इतक्या सहज जिंकले नसते, आणि मग उत्तरेला जाताना तोफखान्यावरचा तो अतोनात भरवसा त्यांच्याकडे नसता. गनिमी काव्याचा आग्रह धरणारे मल्हारराव होळकर आणि तोफांभोवती फौज बांधून लढू पाहणारे भाऊ, हा वादच वेगळ्या वजनाने झाला असता. गंगाधरपंतांना इतकं लांब पानिपतला जायची गरज नव्हती. उदगीरला उतरले असते तरी जग बदललं असतं.

मुसलमान वाचकाचं यात काय अडलं आहे, तेही सांगतो. ऐतिहासिक कादंबरी वाचताना आमचं पोर नकळत एक काम करत असतं. ते पानापानांतून आपल्या नावाचा माणूस शोधतं. अफझलखान सापडतो, शायिस्ताखान सापडतो, औरंगजेब तर सापडतोच. मग ‘पानिपत’मध्ये इब्राहिमखान सापडला की ते हरखतं: बघा, आपला माणूस शेवटपर्यंत लढला! मास्तरही कौतुकाने तेच सांगतात. त्या दिवसापासून इब्राहिमखान आमच्या खिशातलं प्रमाणपत्र होतो. कोणी काही बोललं की काढून दाखवायचं.

मला हे प्रमाणपत्र आवडत नाही. त्याचं कारण काशिराजाच्या वृत्तांतात आहे. हा काशिराज पंडित पानिपतावर हजर होता, पण शुजाउद्दौल्याच्या बाजूने, म्हणजे अब्दालीच्या गोटात. आणि त्याने हकीकत लिहिली ती फारसीत. त्यात इब्राहिमखान लढाईच्या सकाळी भाऊंना सुनावतो, की माझ्या शिपायांचा पगार महिन्याच्या महिन्याला द्या म्हणून मी हट्ट धरायचो त्याचा तुम्हाला राग होता. आज बघा तो पैसा कुठे गेला ते. आणि मग त्याच्या पलटणी संगिनी रोखून रोहिल्यांवर जातात आणि त्यातल्या बहुतेक तिथेच संपतात. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि पुढे अब्दालीच्या लोकांच्या हातून मेला. यात मला दिसतो तो पगाराचा हिशेब चोख ठेवणारा, आपल्या माणसांच्या पोटासाठी धन्याशी भांडणारा व्यावसायिक शिपाईगडी. त्याने निजाम सोडला तेव्हा तो ‘गद्दार’ झाला नव्हता आणि पानिपतावर मेला तेव्हा कुठली परीक्षा द्यायला गेला नव्हता. त्याच मैदानावर समोरच्या बाजूला शुजाचे नागा गोसावी होते, अनुपगिराच्या हाताखाली. अंगाला राख फासलेले साधू अब्दालीकडून आणि कलमा पढणारे गारदी भाऊंकडून. अनुपगिराच्या निष्ठेचं प्रमाणपत्र आज कोण कोणाला मागतं?

(जाता जाता: मराठीत ‘गारदी’ शब्द बदनाम झाला तो 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा. त्या गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. पण शब्द ऐकून डोळ्यांपुढे कोणता चेहरा येतो, हे आपलं आपण तपासावं.)

नांदेडमध्ये या विषयावर बोलायचं आणि नरहर कुरुंदकरांचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. ‘श्रीमान योगी’ला त्यांची लांबलचक प्रस्तावना आहे. किती वाचक ती पानं ओलांडून थेट कादंबरीवर जातात, ते मला माहीत आहे. माझा सल्ला उलटा असतो. शिवाजी महाराजांवर लिहिताना कुरुंदकर चमत्कार, दृष्टांत, भवानीची तलवार यांच्यात रमत नाहीत. महाराज गेल्यावर, राजा नाही, खजिना नाही अशा अवस्थेत साधी माणसं औरंगजेबाशी वर्षानुवर्षं का लढत राहिली, हा प्रश्न ते मांडतात आणि उत्तर शेतसारा, वतनं, न्याय, रयतेची सुरक्षितता यांत शोधतात. आमच्यातले बरेच वाचक कुरुंदकरांवर नाराज आहेत. मुस्लिम राजकारणावर त्यांनी जे लिहिलं ते बोचणारं आहे, काही ठिकाणी मला ते एकांगीही वाटतं. पण ते युक्तिवाद करतात, आणि युक्तिवादाला उत्तर देता येतं. नुसत्या जयघोषाला काय उत्तर देणार? दुसरीकडे ना. सं. इनामदारांनी ‘शहेनशहा’ लिहून औरंगजेबालाच मराठी कादंबरीचा नायक केलं, आणि मराठी वाचकाने ती वाचलीही. आज तसा विषय हाती घ्यायला किती लेखक धजावतील कोण जाणे.

आणि निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी. 1910 चा जन्म, हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत नोकरी, उर्दू-फारसी हाताच्या मळासारखी. गालिब आणि इक्बाल त्यांनी मराठी वाचकाला समजावले. पण त्यांचं खरं उपकारकर्तेपण फारसी साधनांच्या मराठी अनुवादात आहे. मोगल दरबाराची बातमीपत्रं त्यांनी मराठीत आणली. भीमसेन सक्सेनाच्या आठवणी आणल्या. हा भीमसेन बऱ्हाणपूरचा कायस्थ, दलपतराव बुंदेल्याच्या पदरी, औरंगजेबाच्या फौजेबरोबर सगळं आयुष्य दख्खनमध्ये घालवलेला. लिहितो फारसीत, आणि बादशाहीची दुर्दशा बघून करवादतो. पगार थकलेले, रसद नाही, सरदार आपापली तुंबडी भरणारे. कादंबरीत औरंगजेबाची छावणी म्हणजे हिरवा झेंडा आणि क्रूर हास्य. भीमसेनाच्या छावणीत चिखल आहे, महागाई आहे, घरी जायला तरसलेली माणसं आहेत, आणि त्यात निम्मे रजपूत, बुंदेले, कायस्थ आहेत. ‘छावा’ वाचून पेटलेल्या पोराला मी कधी टोकत नाही. फक्त म्हणतो, आता पगडी वाच. शंभरातले पाच वाचतात. त्या पाचांशी पुढे बोलायला मजा येते.

दास्तानवाल्यांकडे मी मघापासून पाठ केली आहे. त्यांनाही आपल्याच परिसरातली एक चीज देतो. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. त्या बीदरच्या बहमनी सुलतानांच्या काळात, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, फख्रुद्दीन निजामी नावाच्या कवीने दखनीत एक मसनवी लिहिली. ‘कदमराव पदमराव’ म्हणून ती ओळखली जाते. दखनीतलं आज हाती असलेलं हे सर्वांत जुनं मोठं काव्य. त्यात कदमराव राजा आहे, पदमराव हा त्याचा नाग प्रधान आहे, आणि अक्खरनाथ नावाचा जोगी राजाला दुसऱ्याच्या देहात शिरायची विद्या शिकवतो. राजा पोपटाच्या देहात जातो आणि जोगी राजाच्या देहात शिरून सिंहासनावर बसतो. नवनाथांच्या पोथीत मच्छिंद्रनाथ मेलेल्या राजाच्या देहात शिरतो, ती गोष्ट ज्याने ऐकली त्याला हे घरचंच वाटेल. जमील जालिबींनी एकमेव हस्तलिखितावरून ही मसनवी 1973 साली कराचीत छापली. बीदरच्या मातीतली नाथपंथी अद्भुतकथा, मुसलमान कवीने लिहिलेली, वाचायला मात्र कराचीची वाट बघावी लागली.

विज्ञानकथेचंही तसंच. रुकैया सखावत हुसेन या बंगाली मुसलमान बाईने 1905 साली ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिलं: सूर्याच्या उष्णतेवर चालणारा देश, हवेत उडणाऱ्या गाड्या, आणि पडद्यात बसलेले पुरुष. आमच्या पोरींना हे नाव शाळेत कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता ज्या ‘जर-तर’बद्दल लातुरात मोठ्याने बोललं जात नाही, त्याकडे. सप्टेंबर 1948. हिंदू घरांत रझाकारांच्या आठवणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. त्यावर मराठवाड्यात भरपूर लिहिलं गेलं. अनंत भालेरावांनी लिहिलं, कुरुंदकरांनी लिहिलं. पोलीस ॲक्शननंतर जे झालं त्याच्या आठवणी मुसलमान घरांत आहेत, आणि त्याही खऱ्या आहेत, पण त्या छापील पानावर फार कमी आल्या. नेहरू सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा अंदाज किमान 27 ते 40 हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, ज्यात तेव्हा लातूर होतं, आणि नांदेडही होता. लातूर शहरात वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली, सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार उरले होते, असं समितीने लिहिलं. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद तिने केली. हा अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. वाचकाला मिळालेच नाही, त्याबद्दल तो मत काय देणार?

एका मित्राने मला विचारलं होतं, नारळीकरांसारखी एक गोळी तुला चुकवता आली तर कुठली चुकवशील? तो लातूरचा, विज्ञानकथांचा वेडा. मी म्हटलं, गोळी नाही, हुक्का. 25 जून 1944 ला हैदराबादेत बहादूर यार जंग हुक्का ओढता ओढता अचानक गेले. इत्तेहादुल मुसलमीनचे ते नेते, वक्तृत्वाचा बादशहा, वय चाळिशीच्या आतलं. विषप्रयोगाची कुजबुज तेव्हाही होती, आजही आहे. दोनच वर्षांत त्यांच्या जागी आला तो लातूरचा वकील, कासीम रझवी. तो हुक्का त्या दिवशी भरलाच गेला नसता तर रझवी लातूरच्या कोर्टात तारखा घेत म्हातारा झाला असता.

मित्र म्हणाला, इतकं सोपं नाही. बहादूर यार जंगही हैदराबादेतल्या मुसलमानांच्या सत्तेचेच पुरस्कर्ते होते. माणूस बदलला तरी दिशा तीच राहिली असती. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी ते मान्य केलं. पण रझवीच्या भाषणांनी जे पेटलं ते त्यांच्या हाताखाली तसंच पेटलं असतं का, यावर आम्ही दोन तास बोललो. मग त्याने दुसरं नाव काढलं: शोएबुल्लाखान. ‘इमरोज’चा तरुण संपादक, हैदराबादने भारतात सामील व्हावं असं उर्दूत लिहिणारा. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्याला हैदराबादच्या रस्त्यात मारलं, पोलीस ॲक्शनच्या जेमतेम तीन आठवडे आधी. मित्राचं म्हणणं, गोष्ट लिहायचीच तर याला वाचव. 17 सप्टेंबरला तो जिवंत आहे, हातात छापखाना आहे. 18 तारखेच्या अंकात तो काय छापेल? आणि महिनाअखेर लातूरच्या बातम्या आल्या की काय छापेल?

त्याने अजून ती गोष्ट लिहिलेली नाही. भेटलो की मी विचारतो.