खोकल्यातून रक्त पडतंय? कुठून आलं आणि किती आलं, हे आधी बघा

अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठंही जा, बेडक्यात रक्त दिसलं की 'उष्णता झाली' म्हणून सब्जाचं पाणी सुरू होतं. डॉक्टर मात्र विचारतात : कुठून, किती, कशामुळं?

स्वरयंत्राच्या खालून, म्हणजे श्वासनळी किंवा फुफ्फुसातून खोकल्याबरोबर येणाऱ्या रक्ताला हिमॉप्टिसिस म्हणतात. आजारांच्या जागतिक यादीत (आयसीडी-१०) त्याचा कोड आर०४.२. हे रक्त बहुधा लालभडक, फेसाळ, बेडक्यात मिसळलेलं. उलटीतून पडणारं रक्त वेगळं (कोड के९२.०). ते बहुधा काळपट, चहाच्या चोथ्यासारखं, अन्नाचे कण असलेलं, आणि आधी मळमळ होते. घोळणा फुटून रक्त घशात उतरलं किंवा मिश्री लावताना हिरडीतून आलं, तर ते छातीचं नव्हे. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर रिफॅम्पिसिनमुळं थुंकी, लघवी नारिंगी-लालसर होते. ते रक्त नाही, घाबरून गोळ्या सोडू नका.

आता किती. बेडक्यात नुसती रेघ असेल तर सौम्य. मोठा रक्तस्राव कशाला म्हणायचं यावर पुस्तकांचं एकमत नाही, २४ तासांत १०० ते ६०० मिली असे वेगवेगळे आकडे आहेत. साधा हिशोब, चहाचा कपभर पडलं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. यात माणूस रक्त कमी होऊन क्वचितच जातो. श्वासनळीत रक्त भरून गुदमरतो. म्हणून उताणं झोपवू नका. कोणत्या बाजूनं रक्त येतंय हे माहीत असेल तर त्याच कुशीवर झोपवा, नाहीतर पुढं झुकवून बसवा. खायला काही देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

कारणांमध्ये आपल्याकडं पहिला संशय टीबीचाच. जुना टीबी बरा होऊन राहिलेल्या पोकळीत बुरशी वाढते, त्यातूनही रक्त येतं. न्यूमोनिया, रुंदावलेल्या श्वासनलिका, हृदयाची अरुंद झडप आणि विडी ओढणाऱ्यांत कॅन्सर, हेही बघावं लागतं.

रेघ एकदाच दिसली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासा, तपासणी मोफत आहे. सकाळी छातीतून खाकरून काढलेला द्या, नुसती लाळ चालत नाही. टीबी निघाला तर उपचारही मोफत. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, त्यासाठी बँक पासबुक सोबत ठेवा.