रीपेंट (फ्लाइट सिम्युलेटर)

फ्लाइट सिम्युलेटरमधल्या विमानाचा सांगाडा, कॉकपिट आणि उड्डाणाचे गुणधर्म तसेच ठेवून फक्त बाहेरचे रंगरूप बदलणे म्हणजे रीपेंट. विमान कंपनीच्या ठरलेल्या रंगसंगतीला लिव्हरी म्हणतात.

मॉडेलचा आकार आणि त्यावरचा रंग वेगवेगळ्या फायलींत असतो, म्हणून हे जमते. शिंपी कापड बेततो तसे धड, पंख आणि शेपूट यांचे पृष्ठभाग उलगडून एका चौकोनी चित्रावर, म्हणजे टेक्स्चरवर, मांडलेले असतात. रंगवणारे ते गिंप किंवा फोटोशॉपमध्ये उघडतात. मॉडेलकर्त्याने पेंटकिट दिले असेल, तर पत्र्यांचे जोड आणि रिव्हेट वेगळ्या थरात मिळतात. कस लागतो तो नाकाडापाशी. सपाट चित्रातला सरळ पट्टा तिथल्या गोलाईवर वाकतो आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर तुटतो. दोन्ही बाजूंना एकच टेक्स्चर लावणाऱ्या जुन्या मॉडेलांत तर एका बाजूची अक्षरे उलटी उमटत.

रंगाइतकीच झळाळीही महत्त्वाची. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३पर्यंत मिरवलेले उघडे, चकचकीत ॲल्युमिनियम नुसत्या करड्या रंगाने साधत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०मध्ये त्यासाठी पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि धातूपणा सांगणारे वेगळे टेक्स्चर असते.

एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये तयार रीपेंट विमानाच्या ‘लिव्हरीज’ फोल्डरात ठेवला की पुरते. २००६च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये मात्र ‘एअरक्राफ्ट.सीएफजी’ फायलीत नवी नोंद करावी लागते. तिचा क्रमांक चुकला तर विमान यादीत दिसतच नाही.

रीपेंटचे खरे मोल जुन्या विमानांच्या बाबतीत कळते. एअर इंडियाचे पहिले जंबो, म्हणजे बोइंग ७४७, ‘एम्परर अशोक’ १९७१मध्ये आले. त्या ताफ्याच्या खिडक्यांभोवती लाल झरोक्यांच्या कमानी होत्या. यातली प्रत्येक कमान मॉडेलच्या खिडकीवर नेमकी बसावी लागते. जरा सरकली की सगळी रांग बिघडते. शिवाय एकाच विमानाची लिव्हरी अनेकदा बदलते, म्हणून आधी वर्ष ठरवायचे, मग त्या वर्षाची छायाचित्रे ताडून भारतीय नोंदणीची ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरे, शेपटीचे चिन्ह आणि विमानाचे नाव जुळवायचे. २२ एप्रिल २०२४ला एअर इंडियाच्या ७४७ने मुंबईहून अखेरचे उड्डाण केले. जेट एअरवेजची सेवा एप्रिल २०१९मध्येच थांबली होती. दोन्ही लिव्हरी सिम्युलेटरमध्ये आजही मुंबईच्या धावपट्टीवर उतरवता येतात.

विकतच्या मॉडेलचा रीपेंट इतरांना देताना सहसा फक्त रंगवलेली टेक्स्चरे दिली जातात. मूळ मॉडेल ज्याचे त्याने घ्यायचे असते.