आग, रस्ता आणि मोकळी जागा
(मुंबईच्या कोटातील १८०३ च्या अग्निप्रलयाचे स्मरण)

गावाचा इतिहास आपण बहुधा सनदा, दस्तऐवज आणि देवस्थानच्या वह्या यांतून शोधतो. परंतु घरांच्या रांगा कशा उभ्या राहिल्या, रस्ता कोठे रुंद झाला व कोठे अरुंद राहिला, यातही इतिहास लिहिलेला असतो आणि तो लिहिण्यात अग्नीचाही हात असतो. कोरगावसारख्या गावात घरे गवताने वा झावळांनी शाकारली जात, त्या काळी चैत्र-वैशाखातील एक ठिणगी अख्ख्या वाड्याची राख करण्यास पुरेशी असे. पेडणे महालातील कित्येक कुटुंबांनी पुढे पोटापाण्यासाठी जी मुंबई जवळ केली, तिची घडणही अशाच एका आगीने बदलली.

त्या काळी मुंबईचा व्यापार तटबंदीच्या आतील कोटात एकवटला होता. तटाला अपोलो, चर्च व बाजार असे तीन दरवाजे होते. बाजारगेटाच्या अंगास, कोटाच्या उत्तर भागात, हिंदू, पारशी आदी व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती. रस्ते अरुंद, घरे एकमेकांस खेटलेली आणि बांधकामात लाकूड विपुल.

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी या बाजारात आग लागली. वाऱ्याच्या जोराने ती आग्नेय दिशेस थेट बराकींपर्यंत पसरली. दारूगोळ्याच्या कोठारास धोका दिसू लागताच वाटेतील घरे तोफांनी पाडावी लागली. आग शमली तेव्हा तटाच्या आतील सुमारे एकतृतीयांश शहर नष्ट झाले होते. ४७१ घरे व ६ प्रार्थनास्थळे तीत गेली.

गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या सरकारने पूर्वीची दाटी पुन्हा होऊ न देण्याचे धोरण धरले. जळालेल्या भागातील रस्ते रुंद करण्यात आले आणि मैदानापलीकडे वस्ती करण्यास उत्तेजन मिळाले. परंतु व्यापारी मंडळी जुनी जागा सहजी सोडण्यास राजी नव्हती. पेढी, गिऱ्हाईक, शेजार आणि देवस्थान यांपासून दूर जाणे कोणास रुचेल? अखेर कोटातही घरे पुन्हा उठली आणि तटाबाहेरही शहर वाढत गेले. मूळचे गोव्याचे गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, तोवर बाहेरील वस्ती कोटाहून कितीतरी मोठी झाली होती. त्याच दशकात तटही पाडण्यात आला.

या आगीस इष्टापत्ती म्हणण्याचा प्रघात आहे. नगररचनेच्या दृष्टीने ते खरेही असेल. परंतु ज्याचे घर व संचित एका दिवसात गेले, त्याला ती केवळ आपत्तीच होती. जी मोकळी जागा दूरदृष्टीने आधी ठेवली नाही, ती शेवटी तोफांनी करावी लागली, हाच त्यातील बोध होय.

१८६५ पासून मंगळूरला कौलांचे कारखाने निघाले आणि कालांतराने चिऱ्याच्या भिंतींवर कौलारू छपरे आली. गवताच्या छपराचे भय सरले, तरी उत्सवातील कापडी मांडव, विजेच्या तारा व स्वयंपाकाचा गॅस यांनी नवे भय आणले आहे. देवळाभोवतीचे आवार पूर्वजांनी मोकळे राखले, ते केवळ शोभेसाठी नव्हे. अग्रशाळा वाढवावी, दुकानांना जागा द्यावी, असे विचार महाजनांपुढे वेळोवेळी येतात व येत राहतील. त्या वेळी आवारातील प्रत्येक हात मोकळी जमीन ही रिकामी नसून राखणदार आहे, याचे विस्मरण होऊ नये, एवढीच नम्र विनंती.