एकास एक: तारापूरच्या अणुभट्टीतली साखळी

मंडळी, बोर्डीच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे गेलं की डहाणू आणि त्याच्याही पुढे तारापूर. तिथली पहिली अणुभट्टी १ फेब्रुवारी १९६९ रोजी ‘क्रिटिकल’ झाली, दुसरी २८ तारखेला. दवाखान्यात माणूस क्रिटिकल झाला की घरच्यांचे हातपाय गळतात. इथं मात्र तीच आनंदाची बातमी! तेव्हा शब्दाचा अर्थ आधी पाहू.

न्यूट्रॉन युरेनियम-२३५ च्या अणुगर्भात शिरतो, गर्भ दुभंगतो, उष्णता निघते आणि सरासरी अडीच नवे न्यूट्रॉन सुटतात. त्यांतल्या एकानंच पुढचा गर्भ फोडायचा. बाकीचे शोषले जातात किंवा निसटतात. एकास एक. याहून कमी झालं तर साखळी विझते, जास्त झालं तर वाढत जाते. हान आणि स्ट्रासमन यांना डिसेंबर १९३८ मध्ये युरेनियमापासून बेरियम झालेलं आढळलं, माइटनर आणि फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला, आणि २ डिसेंबर १९४२ ला फर्मीनं शिकागोत ही साखळी चालवून दाखवली. आपल्या ट्रॉम्बेच्या ‘अप्सरा’त ती ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली.

पण पहिला न्यूट्रॉन कुठला? आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले, आम्हाला लगेच बीजांकुरन्याय आठवतो. इथं उत्तर सरळ आहे. युरेनियमचे काही गर्भ क्वचित आपोआपच फुटतात. अभियंते तेवढ्यावर विसंबत नाहीत. भट्टीत न्यूट्रॉन देणारा स्रोत ठेवतात, म्हणजे वाढ पहिल्यापासून मोजता येते.

आता आम्हाला सगळ्यात विलक्षण वाटतं ते सांगतो. बहुतेक न्यूट्रॉन फुटण्याच्या क्षणीच सुटतात, पण हजारात साधारण साडेसहा उशिरा येतात. कोणी सेकंदानं, कोणी मिनिटभरानं. साखळी या उशिरा येणाऱ्यांवाचून पुरी होऊ द्यायची नाही, यावर सगळं नियंत्रण उभं आहे. ते नसते तर नियंत्रक सळया आत-बाहेर करायला सवडच उरली नसती.

वेगवान न्यूट्रॉनला मंद करावं लागतं, तरच तो २३५ ला सहज फोडतो. तारापूरच्या या दोन भट्ट्यांत ते काम साधं पाणी करतं, आणि तेच उकळून वाफही देतं. वाफ जास्त झाली की मंदावणारं पाणी कमी पडतं आणि साखळी आपणहून ढिली होते. छान सोय! पण साधं पाणी थोडे न्यूट्रॉन गिळतंही. नैसर्गिक युरेनियमात २३५ जेमतेम ०.७ टक्के, ते पुरत नाही, समृद्ध युरेनियमच लागतं. ते १९६३ च्या करारानं अमेरिकेकडून यायचं. १९७४ ला पोखरण झालं, १९७८ ला अमेरिकेनं कायदा कडक केला आणि पुरवठा अडला. १९८२ मध्ये फ्रान्सशी ठरलं तेव्हा मार्ग निघाला. म्हणजे भट्टीतली साखळी बिनतक्रार चालत होती, तुटायला आली ती कागदावरची.

तारापूरच्याच आवारात २००५ आणि २००६ साली क्रिटिकल झालेल्या चौथ्या आणि तिसऱ्या भट्टीत (हो, चौथी आधी!) जड पाणी आहे. ते न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. तिथं नैसर्गिक युरेनियम चालतं.