मान, अपमान आणि शेजार

भांडण मिटवायचे तर पंच बोलवावेत, अशी आपल्याकडची जुनी चाल. पंच दोन्ही बाजू ऐकतात, निवाडा देतात, आणि पुष्कळदा एक जण जिंकून घरी जातो, तर दुसरा मनात अढी घेऊन. मराठी माणसाला सलोख्याचा धडा मिळाला तो मात्र कोणी पंच म्हणून न बोलावलेल्या दोन ठिकाणी: नाटकाच्या रंगमंचावर आणि चित्रपटाच्या पडद्यावर. त्यांतल्या दोन गोष्टींची या सणाच्या दिवसांत उजळणी करावी, असे मला वाटते.

पहिली गोष्ट ८ जुलै १९२१ ची. त्या दिवशी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक रंगभूमीवर आले १९११ मध्ये. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. रसिकांचे तेव्हा दोन तट होते. एकीकडे गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, दुसरीकडे ललितकलादर्शचे केशवराव भोसले. एकाचा गळा मधाळ आणि लडिवाळ, दुसऱ्याचा तेजस्वी आणि चढा. टिळक स्वराज्य फंडासाठी देशभरातून एक कोटी रुपये जमवण्याचा संकल्प झाला होता. त्या फंडाला मदत म्हणून हे दोघे एका मंचावर उभे राहिले. बालगंधर्व झाले भामिनी, केशवराव झाले धैर्यधर.

दोन मंडळ्या, दोन नायक आणि नाटकाचे नाव मानापमान! अशा वेळी रुसव्याफुगव्यांना किती जागा असते, हे लग्नघर सांभाळलेल्या कोणालाही सांगायला नको. पण रंगमंचाचा एक कायदा आहे. भामिनी गात असताना धैर्यधराला थांबावेच लागते, आणि नुसते थांबून भागत नाही, ऐकावेही लागते. मला या प्रयोगातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की कोणी कोणासाठी आपला आवाज बदलला नाही. दोघे आपापल्या ढंगात गायले. चढाओढ संपली नाही, ती कामाला लागली. सलोखा म्हणजे दोघांनी एकच सूर लावणे, अशी आपली उगाच समजूत असते.

पुढे तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. ‘दिवाळी होऊन जाऊ दे, मग पाहू’ असे कोणी म्हटले असते, तर तो प्रयोग कधीच झाला नसता.

दुसरी गोष्ट उशिराचीच आहे. प्रभातचा ‘शेजारी’ १९४१ साली आला, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकरांची. गावात जिवा पाटील आणि मिर्झा यांची जुनी दोस्ती. धरण बांधू पाहणारा एक धनिक आपल्या स्वार्थासाठी दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटते, तेव्हा हे दोघे पुन्हा एकत्र येतात; पण ते एकमेकांचा हात धरून मरण्यापुरतेच. मार्च १९४० मध्ये लाहोरचा ठराव झाला होता, आणि त्यानंतर वर्षभराने हे चित्र लोकांपुढे आले. याच्या ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर झाले मजहर खान आणि मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार. सांगायचे ते नुसत्या पात्रयोजनेने सांगितले. तरी १९४७ टळले नाही. चित्रपटाने फाळणी थांबत नसते.

‘शेजारी’चे संगीत मास्टर कृष्णरावांचे. ते गंधर्व मंडळीतलेच गायक-नट आणि संगीतकार; गुरू भास्करबुवा बखले. आणि बुवा शिकले कोणाकडे? फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्याकडे. ज्या विद्येत खाँसाहेबांची तालीम बुवांच्या गळ्यातून उतरली होती, तिलाच शेजारधर्माचे चित्र रंगवायचे होते. शांताराम आठवल्यांनी लिहिलेले, दिव्यांच्या लखलखाटाचे त्यातले समूहगान आजही ऐकू येते.

आमच्या घरी एका दिवाळीत हा चित्रपट लावला होता. वाड्याच्या सामाईक भिंतीवरून माझे दोन चुलते बरीच वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. त्या दिवशी दोघे एकाच खोलीत बसले, मधे पोरांची रांग. धरण फुटले, दिवे लागले, कोणी काही बोलले नाही. मग थोरल्या काकांनी पानाचा डबा धाकट्याकडे सरकवला. भिंतीचा निकाल त्या रात्री लागला नाही, पण त्यानंतर दोघे तिच्याविषयी एकमेकांशी बोलू लागले, वकिलांमार्फत नव्हे.

कलेकडून मी एवढीच अपेक्षा धरतो. निवाडा करणे तिचे काम नव्हे. दोन माणसांना घटकाभर एका ठिकाणी बसवून तिसऱ्याच कोणाचे सुखदुःख ती ऐकायला लावते. पुढचे काम ज्याचे त्याने करायचे. अबोला धरलेल्या घरी यंदा फराळाचे ताट पाठवायचे मनात असेल, तर ते पहिल्याच दिवशी पाठवावे. भाऊबीजेपर्यंत थांबू नये.